'मने, मने, तकेल, ऊफारसीन' : यात आपला 'मण' आहे का?

धागाकर्ता : बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकातला पाचवा अध्याय वाचत होतो. बाबेलचा राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या भांड्यांतून मेजवानीत दारू पितो, आणि एक हात उमटून भिंतीवर लिहितो : मने, मने, तकेल, ऊफारसीन. राजाच्या पंडितांना ते उलगडत नाही, मग दानीएल अर्थ सांगतो. मराठी बायबलात हे शब्द तसेच ठेवले आहेत. मला त्यात 'मण' आणि 'फारसी' ऐकू येतात. माझेच कान वाजताहेत का?

प्रतिसाद : फारसीपुरते तरी नाही. भाषा अरामी आहे. 'ऊ' म्हणजे 'आणि'. उरला 'फारसीन', तो 'पेरेस'चा अनेकवचनी अवतार. अरामीत स्वरामागून आलेल्या 'प'चा 'फ' होतो, म्हणून 'ऊ' चिकटताच उच्चार बदलला. अर्थ सांगताना दानीएल पुन्हा 'पेरेस'च म्हणतो : तुझं राज्य दुभंगलं, मेदी आणि पारसी लोकांना दिलं. दुभंगणं आणि पारसी, दोन्ही त्याच प-र-स मध्ये. आपल्याकडे माणूस पारशी आणि भाषा फारसी झाली ती वेगळ्या वाटेने (अरबीत 'प' नाही), पण मूळ नाव तेच.

आता 'मण'. 1886 मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानाने मांडलं, की भिंतीवर चक्क वजनं लिहिली होती : एक मिना, एक शेकेल, अर्धा-अर्धा मिना. हिब्रूतल्या 'श'च्या जागी अरामीत इथे 'त' येतो, म्हणून शेकेलचा तकेल. स्वरचिन्हांशिवाय लिहिल्यावर तीच अक्षरं नाम म्हणूनही वाचता येतात आणि क्रियापद म्हणूनही. पंडितांना कदाचित नुसती वजनांची यादी दिसली. दानीएलाने क्रियापदं वाचली : मोजलं, तोललं, तोडलं. देवाने तुझ्या राज्याचे दिवस मोजून संपवले, तू तागडीत कमी भरलास. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसल्याने संदर्भाशिवाय अडखळायला होतं, त्याची इथे आठवण झाली. अर्थात इथली अडचण कितीतरी मोठी.

धागाकर्ता : म्हणजे मण = मिना?

प्रतिसाद : बहुतेक नातेवाईक. अक्कदीत (बाबेलच्या जुन्या भाषेत) 'मनू', अरबी-फारसीत 'मन', तिथून आपला मण, अशी साखळी सहसा देतात. ऋग्वेदात (8.78.2) सोन्याची 'मना' मागितली आहे; तीही याच घरातली असं काहींचं म्हणणं, पण त्यावर वाद आहे. वजन मात्र जुळवू नका. मिना साधारण अर्धा किलो, आपला मण चाळीस शेरांचा. शेकेल तर अजून चलनात आहे. इस्राएलला गेलेले आपले बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) रोज तो खर्च करतात.

दुसरा प्रतिसाद : राजांचं गणित विसरलात! बाबेलात साठ शेकेलांचा एक मिना. त्यामुळे काही अभ्यासक ही वजनं राजांना लावतात : बाबेलचा आधीचा मोठा राजा नबुखद्नेस्सर मिनाएवढा, बेलशस्सर शेकेलभर, आणि मेदी-पारसी अर्धे-अर्धे. ही टीका मला भविष्यापेक्षाही बोचरी वाटते. त्यात पुस्तक बेलशस्सरला नबुखद्नेस्सरचा मुलगा म्हणतं. बाबेलच्या कीलाकार (खिळ्यांसारख्या लिपीतल्या) लेखांत तो नबोनिदस राजाचा मुलगा आहे. बाप दहा वर्षं अरबस्तानात तेमाला जाऊन बसला, पोरगा बाबेल सांभाळत होता. म्हणूनच लेख वाचणाऱ्याला 'राज्यात तिसरा' करीन असं बक्षीस तो देतो, कारण दुसरा तो स्वतः! निदान हा अर्थ चपखल बसतो.

धागाकर्ता : आणि पुस्तकात त्या रात्री राज्य घेणारा दारयावेश मेदी?

दुसरा प्रतिसाद : तिथे इतिहास साथ देत नाही. इ.स.पू. 539 च्या ऑक्टोबरमध्ये बाबेल घेतलं ते पारसी राजा कोरेशाच्या (सायरसच्या) सैन्याने, आणि बाबेलच्याच बखरीनुसार लढाई न होता. मेदी दारयावेश त्यात कुठेच नाही. कुणी त्याला कोरेशाचा सरदार ठरवतं, कुणी कोरेशच. बरेच अभ्यासक पुस्तकाची आजची घडण इ.स.पू. दुसऱ्या शतकातली मानतात. इतक्या उशिरा राजांची नावं इकडची तिकडे झाली असतील. पण प-र-स वरचा श्लेष अरामी कानालाच सुचेल असा आहे.

धागाकर्ता : आता वाण्याकडे मणाचा भाव ऐकला की बेलशस्सर आठवणार.