कॅनॉट पाहिलं म्हणजे शहर पाहिलं?

गुलमंडीकर: पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांची पोस्ट काल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. दोन दिवस आपल्या संभाजीनगरात होते. लिहितात, दोन्ही संध्याकाळी सिडकोतल्या कॅनॉट बाजारात गेलो, शहराची जान तिथंच आहे, जुन्या गावात धूळ आणि गर्दी, तिकडं वेळ घालवू नका. वाचून जीव तळमळला, म्हणून लिहितोय.

कॅनॉट वाईट नाही. मधे बाग, भोवती दुकानं, कॉफी, मोमो. माझी पोरंही तिथंच असतात. पण हे पुण्यात मिळत नाही का? सिडकोची ही नवी वसाहत आली सत्तरच्या दशकात. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आपलं हेच जुनं गाव, वसवली १६१० साली, आणि त्या गावाचा धागा अजून गल्लीगल्लीत सापडतो. पैठण गेटपासून टिळक पथानं पायी निघा. गुलमंडीवर सुपारी हनुमानाला हात जोडा, गरम इमरती खा, मग सिटी चौक, सराफा, शहागंजचं घड्याळ. परतताना भडकल दरवाजाखाली दोन मिनिटं उभे राहा. १६१२ चा आहे तो, वर मान करून कमान बघा. एवढं केल्यावर मग म्हणा काही नाही म्हणून. आणि कॅनॉट हे नाव तरी आपलं आहे का? दिल्लीची नक्कल!

एन-पाचची सून: दादा, पायी निघा म्हणालात, पण गाडी कुठं लावायची ते सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. कॅनॉटच्या बागेत बाकावर तासभर बसतात, चार बायका भेटतात, चेहरा खुलतो त्यांचा. गुलमंडीवर बाईमाणसानं टेकायची एक जागा दाखवा. स्वच्छतागृह दाखवा. लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो, सहा तास मी पाण्याचा घोट घेतला नाही, का ते समजून घ्या.

गुलमंडीकर: स्वच्छतागृहाचं खरं आहे. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण त्यासाठी अख्ख्या गावावर फुली मारायची का?

परभणीचा पाहुणा: मी वर्षातून चारदा येतो, म्हणून बोलतो. मागच्या दिवाळीत आईसाठी जुन्या गावातल्या एका दुकानातून हिमरू शाल घेतली. हातमागाची म्हणून शपथेवर दिली. मी म्हणलं, बहिणीलाही पाहिजे, तर त्यानं आतून गठ्ठाच आणला. तोच रंग, तीच वेल, वीस शाली! आईला अजून सांगितलं नाही. ती सणाला तीच पांघरती. कॅनॉटमधी कॉफी महाग असंल, पण कॉफी म्हणून कॉफीच देतात.

विणकराचा नातू: किती दिले?

परभणीचा पाहुणा: साडेचारशे.

विणकराचा नातू: साडेचारशेत हातमागाचं हिमरू? माझे आजोबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, वर दुसरा माणूस नक्षीचे दोरे ओढायचा. दोघांचा मेळ बसला तरच वेल उमटायची. ताणा सुती, बाणा रेशमी. दिवस मावळेपर्यंत हातभर कापड व्हायचं नाही. आणि गिऱ्हाईक यायचं ते भाव पाडायलाच. त्या भावात घर चालेना, म्हणून माझे वडील मागावर बसले नाहीत, कंपनीत लागले. स्वस्त मागणाऱ्यांनीच माग बंद पाडले.

परभणीचा पाहुणा: फसवलं त्यानं अन् चूक माझी? काय बोलायलाव तुम्ही! आम्हाला भाव काय ठाऊक? पाटी लावली होती का कुठं?

विणकराचा नातू: शपथेवर खोटं बोलला तो दोषीच, त्याची बाजू मी घेत नाही. पण माझ्या आजोबांच्या कापडाचं नाव त्या गठ्ठ्याला देऊ नका.

एन-पाचची सून: हिमरूचा विषय निघालाच आहे तर गुलमंडीकरांना विचारते. हिमरू हीसुद्धा किनखाबाचीच नक्कल ना? सोन्याचांदीची जर परवडेना, म्हणून सूत-रेशमात तसंच कापड विणलं. नावाचा फारसी अर्थही ‘सारखं’ असाच सांगतात. मग दिल्लीचं नाव घेतलं म्हणून कॅनॉट उणं कसं?

विणकराचा नातू: ताई, नक्कल शब्द टोचला. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हा त्याच्यासोबत ही कला आली, असं आमच्या घरात सांगतात. पण किनखाबाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आजोबाही तेच सांगायचे.

गुलमंडीकर: बरं, नावाचा मुद्दा सोडला. पण हिमरूत इथल्या माणसांच्या पिढ्या गेल्या. कॅनॉटमध्ये इथलं काय आहे?

एन-पाचची सून: माझा मुलगा त्या बागेत चालायला शिकला. आमच्यासाठी इथलंच आहे ते. पाहुण्यानं जुन्या गावाला नावं ठेवली ते मलाही आवडलं नाही, पण राग त्याच्यावर काढा, आमच्या बागेवर नको.

परभणीचा पाहुणा: नातूसाहेब, एक विचारू? पुढच्या महिन्यात आईला घेऊन येतोय. खरा माग चालताना बघायला मिळंल का?

विणकराचा नातू: या. आजोबांसोबत बसायचे त्यांच्यातल्या एकाच्या घरी अजून एक माग आहे, मी विचारून ठेवतो. पैठण गेटला उतरा, न्यायला येईन. भावाचं मी जरा जास्तच बोललो.

एन-पाचची सून: तिथं बसायला जागा आहे का? असेल तर सासूबाईंना घेऊन मीही येते.

विणकराचा नातू: दारात ओटा आहे.