किडनी बसवताना पूर्ण भूल न देता पाठीत इंजेक्शन? लवकर सांगा

धाकटा: गुरुवारी ऑपरेशन आहे. भूलतज्ज्ञ म्हणतात पूर्ण भूल नको, स्पायनल देऊ (पाठीत एक इंजेक्शन, कमरेखाली बधिर) आणि सोबत एपिड्युरल (पाठीतच बारीक नळी). असं चालतं का? कोणाचं झालंय? कृपया ‘डॉक्टरांना विचारा’ लिहू नका, विचारून झालंय.

गप्पिष्ट: अजिबात घाबरू नका! माझं हर्नियाचं स्पायनलवरच झालं. पाठ वाकवून बसवलं, उशी कवटाळायला दिली, एक टोचणी. पाय आधी गरम, मग दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे. पूर्ण वेळ गप्पा मारत होतो.

सावळी: अहो, हर्निया कुठे आणि हे कुठे! धाकटा, किडनी देणारे तुम्ही की घेणारे? दात्याची बहुतेकदा दुर्बिणीतून काढतात, पोटात गॅस भरतात, तिथे पूर्ण भूलच लागते.

धाकटा: देणारा मीच. पण मी दादाबद्दल विचारतोय.

सावळी: मग तसं लिहा की. त्यांना पूर्ण भूल का नको?

धाकटा: दमा आहे ना. लिहिलं नव्हतं का?

गप्पिष्ट: नव्हतं.

रात्रपाळी: भूलशास्त्राचा निवासी डॉक्टर आहे. चालतं. नवी किडनी जुनीच्या जागी नाही, ओटीपोटात एका बाजूला बसवतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून. तेवढा भाग स्पायनलने बधिर होतो. प्रश्न वेळेचा. एका इंजेक्शनचा असर साधारण २-३ तास, ऑपरेशन ३-४ तास किंवा जास्तही. म्हणून एपिड्युरलची बारीक नळी, तिच्यातून औषध वाढवता येतं. शिवाय स्पायनलने बीपी पडतं, आणि रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे (क्लॅम्प) काढल्यावर नव्या किडनीत रक्त जायला ते चांगलं हवं. त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

परखड: उगाच प्रयोग कशाला? बहुतेक ठिकाणी पूर्ण भूलच देतात. अॅट्राक्युरियमसारखी औषधं आहेत, ती शरीरात आपोआप विरघळतात, किडनीची गरजच नाही. बाबांचं तसंच झालं.

रात्रपाळी: बाबांना दमा होता का? घशात नळी गेली की काही दमेकऱ्यांच्या श्वासनळ्या आवळतात. तो धोका टाळायला स्पायनल.

परखड: दमा नव्हता. तरीही.

हिरवळ: पोटॅशियम कमी ठेवायला भाज्या उकडून पाणी फेकून द्या.

सावळी: हे कोणी विचारलं?

रात्रपाळी: धाकटा, मुद्द्याचं सांगा. किडनी निकामी असली की प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजून पुरेशा भरल्या तरी काम नीट करत नाहीत. त्यात डायलिसिसचं हेपरिन, रक्त गोठू न देणारं औषध. सुई टोचून मणक्यात रक्त साचलं तर पाय जाऊ शकतात. डायलिसिस कधी? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे?

धाकटा: डायलिसिस बुधवारी. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी) झकास आहे, बोट ठेवलं की मांजर घुरघुरल्यासारखं लागतं. तसली गोळी नाही. स्टेंटची एक आहे, क्लोपिडोग्रेल. ती त्यात येते?

रात्रपाळी: तीच ती! स्पायनलआधी साधारण ५ ते ७ दिवस बंद लागते. भूलतज्ज्ञांना माहीत आहे ना?

धाकटा: यादी मीच लिहून दिली. बीपीच्या आणि पंपाचं औषध लिहिलं. ही हृदयाची म्हणून सोडली. दादाने आज सकाळीही घेतलीय.

रात्रपाळी: आत्ता फोन करा. आणि तुम्ही परस्पर बंद करू नका, स्टेंट आहे. हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. तारीख पुढे जाईल नाहीतर पूर्ण भूल देतील.

परखड: मी काय म्हणत होतो?

धाकटा: लावतोय. एंगेज येतोय.

गप्पिष्ट: डॉक्टर, तुम्ही आहातच तर, मला तेव्हा उठून बसलं की दोन दिवस डोकं ठणकायचं. ते कशाने?