गावातील 'क' वर्ग वाचनालयाचे अमृतमहोत्सवी वर्ष : निधी आणि प्रसिद्धीच्या मार्गांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. पुढील वर्षी त्याला 75 वर्षे पूर्ण होतील. संस्थेचा कार्यवाह या नात्याने हा धागा काढत आहे. वाचनालय शासनमान्य 'इतर क' वर्गातील (अ ते ड श्रेणींपैकी तिसरी; 'इतर' म्हणजे जिल्हा किंवा तालुका ग्रंथालयाचा दर्जा नसलेले) असून 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली त्याची नोंदणी आहे. लेखापरीक्षण वेळेवर होते आणि वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे नियमाने जातो. अडचण पैशाची आहे, आणि त्यातही एका विशिष्ट कामासाठी लागणाऱ्या पैशाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शासनाने 2022 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा 'इतर क' वर्गाची वार्षिक मर्यादा 96,000 रुपयांवरून 1,53,600 रुपयांवर गेली. या वाढीसाठी ग्रंथालय चळवळीतील अनेकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता आणि त्याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. मात्र अनुदानाची निम्मी रक्कम सेवकांच्या वेतनासाठी आणि उरलेली ग्रंथखरेदी, नियतकालिके, वीज, बांधणी अशा वेतनेतर बाबींसाठी असते. त्या आकड्यावर हिशेब केला तर वेतनाच्या वाट्याला वर्षाला 76,800 रुपये, म्हणजे सर्व सेवकांचे मिळून महिन्याला 6,400 रुपये येतात. त्यातही रक्कम हप्त्यांनी मिळत असल्याने मधले महिने संस्थेला स्वतःच्या वर्गणीतून निभावून न्यावे लागतात.

आमच्या ग्रंथपाल ताई सकाळ-संध्याकाळ देवघेव सांभाळतात. दाखलनोंद रजिस्टर त्यांच्याच हातचे असते, नव्या पुस्तकांना वेष्टन घालणे, पावसाळ्यानंतर कपाटे रिकामी करून वाळवी आणि कसर पाहणे हेही त्याच करतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौथीतला मुलगा पुस्तक परत करायला आला की त्याला त्यातले काय आवडले हे त्या विचारतात आणि त्यावरून पुढचे पुस्तक त्याच्या हाती देतात. गावात बालवाचक टिकून आहेत ते या एका सवयीमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा व्यक्तीला आम्ही जे मानधन देतो ते सांगताना संकोच वाटतो, आणि त्यांनी उद्या दुसरी नोकरी धरली तर त्यांना थांबवण्याचा अधिकारही आम्हाला नाही.

महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने कार्यकारिणीने निधीचे मार्ग शोधायला घेतले आहेत. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या असमान निधी योजनांत (ज्यांत राज्य शासनाचा वाटा लागत नाही) 50, 60, 75, 100 अशा महोत्सवी वर्षांसाठी अर्थसाहाय्य आहे आणि बाल ग्रंथालय किंवा बाल कोपरा उभारण्यासाठीही आहे. आमदार निधीतून बांधकाम किंवा साहित्य मिळू शकेल. ग्रंथालये व वाचनालये हा विषय ग्रामसूचीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कामांच्या कायद्यातील यादीत, असल्याने ग्रामपंचायतीकडेही जाता येते, आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा विचार चालू आहे. या सगळ्या मार्गांनी इमारत, कपाटे, संगणक, पुस्तके मिळतील. पुस्तक देणाऱ्या माणसासाठी मात्र यातले काहीच नाही. केरळ आणि कर्नाटक या राज्यांत मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे; आपल्या 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात उपकराची तरतूदच नाही, त्यामुळे स्थानिक पातळीवरून हक्काने येणारा पैसा आम्हाला ठाऊक नाही.

माझे प्रश्न असे. सेवकांचे मानधन वाढवण्यासाठी कायमस्वरूपी तरतूद कोणत्या वाचनालयाने कशी केली आहे? इमारतीच्या दर्शनी भागातील एक खोली बाजाराच्या रस्त्यावर उघडते. ती भाड्याने द्यावी, असा एक प्रस्ताव आहे, तो कायद्याने कितपत योग्य ठरेल? आणि कंपन्यांकडे जाताना काय मागावे? याशिवाय प्रसिद्धीचाही प्रश्न आहे. वाचनालय बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर असूनही गावात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना ते माहीत नसते. समारंभ एका दिवसात संपतो. वर्षभर लोक येत राहतील असे काय करता येईल?

प्रतिसाद : जुना ग्रंथपाल

कार्यवाह महोदय, आपण मानधनाचा प्रश्न पुढे ठेवलात याचे समाधान वाटले. मी तालुक्याच्या 'अ' वर्ग ग्रंथालयातून निवृत्त झालो आहे. महोत्सवी वर्षात संस्थांकडे पैसा येतो आणि तो स्मरणिका, मंडप आणि सत्कार यांत संपतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. आमच्या संस्थेने सुवर्णमहोत्सवात 'सेवक कल्याण कायम निधी' असा स्वतंत्र ठराव सर्वसाधारण सभेत केला, मूळ रकमेला हात लावायचा नाही आणि व्याज केवळ सेवकांच्या मानधनासाठी वापरायचे, असे त्यात लिहून ठेवले. सात टक्के व्याज धरले तर दहा लाखांच्या ठेवीवर वर्षाला 70,000 रुपये मिळतात, म्हणजे महिन्याला सुमारे 5,800 रुपये. आपल्या वेतनाच्या वाट्याशी याची तुलना करून पाहा. दहा लाख ही रक्कम गावाला मोठी वाटेल, पण 75 वर्षांतील सभासदांची जुनी रजिस्टरे काढून पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांची यादी केली तर ती आवाक्याबाहेर राहत नाही. 'तुमच्या आजोबांचा सभासद क्रमांक हा होता' असे पत्रात लिहिले की लोक उत्तर देतात; आमच्याकडे सर्वांत मोठ्या देणग्या अशाच पत्रांना आल्या.

यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे ठेवायचा हे विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 मध्ये सांगितले आहे, त्यामुळे अधिक व्याजाच्या ओढीने ठेव गावातील पतसंस्थेत ठेवू नये. आणि देणगीदारांना कर सवलत हवी असेल तर संस्थेकडे 80जी ची मान्यता असावी लागते. 2,000 रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन भरणा यांचाच आग्रह धरावा. नव्या कररचनेत गेलेल्या देणगीदारांना ही वजावट मिळत नाही, हेही त्यांना आधीच सांगितलेले बरे.

भाड्याबाबत : तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याआधी जागा संस्थेला कोणत्या अटींवर मिळाली ते मूळ कागदावर पाहावे, कारण अनेक वाचनालयांच्या जागा केवळ ग्रंथालयाच्या वापरासाठी मिळालेल्या असतात. माझे वैयक्तिक मत विचाराल तर रस्त्यावर उघडणारी खोली भाड्याने देऊ नये. ती वाचनालयाची सर्वांत मोठी जाहिरात आहे. तिथे वर्तमानपत्रांचा कक्ष किंवा बालविभाग आणावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचणारी माणसे दिसतील.

राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनांसाठी ग्रंथालय संचालनालय दरवर्षी आवाहन प्रसिद्ध करते. अर्ज विहित नमुन्यात, इंग्रजी किंवा हिंदीत, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. आवाहन निघाल्यावर मुदत थोडी असते. स्थापना वर्षाचा पुरावा, इमारतीची कागदपत्रे आणि लेखापरीक्षण अहवाल आतापासून एका धारिकेत लावून ठेवावेत. 75 वर्षांच्या दाव्यासाठी जुने नोंदणी प्रमाणपत्र सापडणे महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद : चाकणकर

मी एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात काम करतो, म्हणून तेवढ्याच मुद्द्यावर लिहितो. कंपनी अधिनियम, 2013 च्या अनुसूची सातमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना हा विषय स्पष्टपणे दिलेला आहे आणि शिक्षणाला चालना हा वेगळा विषय आहे. त्यामुळे आपला प्रस्ताव अभ्यासिका किंवा बालवाचन उपक्रम म्हणून मांडल्यास तो शिक्षणाच्या विषयातही बसतो. कलम 135 मध्ये कंपनीच्या परिसरातील भागाला प्राधान्य देण्याचे सांगितलेले असल्याने शेजारच्या वसाहतीतील कारखान्यांकडे जाणे योग्यच आहे. मात्र निर्णय बहुतेकदा कारखान्यात होत नसून मुख्य कार्यालयातील समितीत होतो. कारखान्यातील मनुष्यबळ अधिकाऱ्यांना वाचनालय दाखवावे आणि प्रस्ताव वर पाठवण्याची विनंती त्यांनाच करावी. 2021 पासून अशा निधीतून काम करणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-1 नोंदणी आवश्यक आहे. ती नसेल तर चांगला प्रस्तावही बाजूला ठेवला जातो.

मानधन मागता येते, पण 'ग्रंथपालाचा पगार' म्हणून मागू नये. 'तीन वर्षांचा बालवाचन प्रकल्प' असा आराखडा करावा, त्यात पुस्तके, शाळाभेटी आणि प्रकल्प चालवणाऱ्या ग्रंथपालांचे मानधन अशी बाबनिहाय रक्कम दाखवावी. दर तिमाहीस किती मुले आली, किती पुस्तके घरी गेली, याची नोंद देण्याची तयारी असावी. आपल्या ग्रंथपाल ताईंची देवघेव वही हाच यासाठी उत्तम पुरावा आहे. प्रकल्प संपल्यावर हे पैसे थांबतात, म्हणून वर सुचवलेल्या कायम निधीला हा पर्याय समजू नये.

प्रतिसाद : पेटीवाली

प्रसिद्धीविषयी माझा अनुभव सांगते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांपर्यंत जातात आणि ठरावीक काळाने बदलतात. तोच विचार आम्ही गावापुरता केला : वाड्या-वस्त्यांवरील महिला बचत गटांच्या मासिक बैठकीला पेटी न्यायची आणि पुढच्या बैठकीत बदलायची. ज्या भगिनी बाजाराच्या दिवशीही वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या त्यांच्यातल्या काही जणी आता स्वतः सभासद आहेत. सुरुवातीला पाककृती आणि आरोग्याचीच पुस्तके मागितली जातील, असे आमच्या कार्यकारिणीला वाटत होते. प्रत्यक्षात आत्मचरित्रांना सर्वाधिक मागणी आली.

दिवाळी अंक योजना नसेल तर ती अवश्य सुरू करावी. स्वतंत्र वर्गणी घेऊन दिवाळीनंतरचे काही महिने अंक फिरवायचे. जे वर्षभर येत नाहीत ते यासाठी येतात आणि त्यांतील काही पुढे नियमित वाचक होतात. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन दिवाळीच्या आसपासच येत असल्याने शाळांमधून योजनेची पत्रके त्याच दिवशी वाटता येतात. 14 ते 28 जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांचे कार्यक्रम शाळा-महाविद्यालयांना करायचेच असतात. जागा आणि पुस्तके वाचनालयाची, विद्यार्थी त्यांचे, अशी सांगड घातली तर खर्च वाढत नाही. आणि एक साधी गोष्ट : मोबाइलवरील नकाशात वाचनालयाचे नाव, वेळ आणि छायाचित्र घालून ठेवा. नवी कुटुंबे प्रथम तिथेच शोधतात.

कार्यवाह (धागाकर्ता)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दर्शनी खोलीत बालविभाग हलवण्याचा विचार ग्रंथपाल ताईंसमोर मांडला, तेव्हा त्यांनी लगेच सांगितले की खिडकी पश्चिमेकडे असल्याने दुपारनंतर पुस्तकांवर ऊन येते, म्हणून कपाटे आतल्या भिंतीला आणि मुलांची बैठक खिडकीशी असावी. भाड्याचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत मागे घेण्यास सुचवणार आहे. जुन्या सभासदांची रजिस्टरे माळ्यावरून काढली असून सुरुवातीच्या काळातली पाने वाचता येण्याजोगी आहेत. त्यांची छायाचित्रे काढून यादी करण्याचे काम महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले आहे. सीएसआर-1 नोंदणीसाठी सनदी लेखापालांशी बोलणे झाले आहे.

आता अडचण ठरावाच्या शब्दरचनेची आहे. कायम निधीची मूळ रक्कम पुढील कोणत्याही कार्यकारिणीला मोडता येऊ नये आणि व्याज सेवकांच्या मानधनाखेरीज अन्यत्र वळवता येऊ नये, इतकी पक्की भाषा आम्हाला हवी आहे. शिवाय या व्याजातून दिलेले मानधन शासकीय अनुदानाच्या हिशेबात वेगळे कसे दाखवावे, म्हणजे तपासणीच्या वेळी वेतन अनुदानावर आक्षेप येणार नाही, हेही समजून घ्यायचे आहे. 'जुना ग्रंथपाल' यांनी आपल्या संस्थेच्या ठरावाचा मसुदा, संस्थेचे नाव वगळून, येथे दिला तर मोठे साहाय्य होईल. सर्वसाधारण सभेची नोटीस या महिनाअखेर काढायची आहे, त्याआधी मिळाल्यास तो विषयपत्रिकेसोबत जोडता येईल.