टायरवरचे चार आकडे

दोन जुन्या (सेकंड हँड) गाड्यांपैकी कोणती घ्यावी, या प्रश्नावर 'जिचं रनिंग कमी, म्हणजे जी कमी किलोमीटर चालली आहे, तीच घ्या' असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. डीपीएफवाली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली) डिझेल असेल तर कमी रनिंग उलट अंगाशी येऊ शकतं. नुसत्या जवळच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत तो फिल्टर पुरेसा तापत नाही आणि काजळी साचत जाते.

मीटरवर विसंबण्याआधी टायर बघा. टायरच्या कडेला 'DOT' (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ते टायर कधी बनला ते सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर ३०,००० किमी दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, तर का बदलले ते विचाराच. स्टेपनीही बघा, ती बहुधा मूळचीच असते. आणि हो, इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.