विषय: उड्या मारायला हलका, उसळणारा स्नोबोर्ड कुठला घ्यावा?

बॉथेलची वहिनी, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी, हा मेल गणपतीच्या वर्गणीचा नाहीये, घाबरू नका :) आमचे चिरंजीव 16 चे झाले, तीन सीझन आपल्या सिॲटलजवळच्या स्नोक्वाल्मीला भाड्याच्या बोर्डवर काढले आणि आता म्हणतात मला पार्कात (म्हणजे बर्फाचे जंप बांधून ठेवलेले असतात तिथे) जंप मारायच्यात, भाड्याचा बोर्ड "मेलेला" आहे, मला हलका आणि लाइव्हली पाहिजे. लाइव्हली म्हणजे नक्की काय ते त्यालाही सांगता येत नाही, दुकानात जाऊन एकेक बोर्ड हातात उचलून बघतो आणि "हा हलका, हा जड" करतो, भाजी निवडतात तसं. उंची 5 फूट 6, वजन 58 किलो, बूट 9 नंबर. बजेट 500 डॉलर, बाइंडिंग (बूट बोर्डाला बांधायचे पट्टे) वेगळं. कुणी खेळतं का आपल्यात?

केंटचे काका, रविवार सकाळी

वहिनी, मी स्कीवाला आहे त्यामुळे बोर्डातलं शष्प कळत नाही, पण एक अनुभवाचा सल्ला, जरा लांबच घ्या, पोरगं वाढतंय, दोन वर्षांनी परत खर्च नको. आणि हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड बोर्डाच्या आधी घ्या. बोर्डवाले पडले की हात टेकतात आणि मनगट जातं, आमच्या शेजाऱ्यांकडे झालंय.

रेंटनचा दादा, रविवार दुपारी

काका, मनगटाचं शंभर टक्के बरोबर, पण लांबीचं राग मानू नका, दिवाळीचा शर्ट एक साइज मोठा घेतो तसं इथे चालत नाही. मी स्वतः ती चूक केलीये, एका दुकानात मला 157 सेंटिमीटरचा कडक बोर्ड गळ्यात मारला, "हा तुला पुढे पुरेल" म्हणे, दोन सीझन मी त्याला वाकवूच शकलो नाही, हवेत फिरवायचा तर दारच घेऊन उडतोय असं वाटायचं. 58 किलोला 148 ते 152, पार्कसाठी त्यातला छोटा. लांबी उंचीवरून नाही, आधी वजनावरून बघायची.

आता हलकं म्हणजे काय. वहिनी, हातात उचलून कळतं ते निम्मंच. बोर्डाचं वजन साधारण अडीच-तीन किलो, दोन बोर्डांत फरक पडून पडून किती पडणार, त्यापेक्षा बूट-बाइंडिंगचं वजन कधीकधी जास्त भरतं. हवेत फिरताना खरं जाणवतं ते टोकांचं वजन. लाठी मधोमध धरून फिरवा, आणि मग दोन्ही टोकांना पाण्याची पिशवी बांधून फिरवा, तो फरक. म्हणून जंपच्या बोर्डांत टोकं बारीक करतात, लाकडाच्या गाभ्यात पावलोनिया घालतात (पॉप्लरपेक्षा हलकं, पण एकट्या पावलोनियाचा बोर्ड दणका कमी सोसतो, म्हणून बरेच जण दोन्ही मिसळतात). आणि अती हलका बोर्ड आपल्या रात्रीच्या कडक बर्फावर थरथर थरथर करतो, पायाखाली पत्र्याचं छप्पर असल्यासारखं, तेव्हा सगळ्यात हलका तोच सगळ्यात चांगला असं नाही.

लाइव्हली म्हणजे उसळी. शाळेत बाकाच्या कडेवर फूटपट्टी दाबून सोडायचो ना, टण्ण, तेच. ते येतं कॅम्बरमधून: बोर्ड जमिनीवर ठेवला की मधे कमान वर दिसते, अंगाच्या भाराने ती दबते, आणि टेकऑफला सोडली की परत वर येते आणि तुम्हाला सोबत घेऊन जाते. रॉकर त्याच्या उलट, मधे टेकलेला, टोकं लवकर उचललेली, शिकायला मायाळू, कड अडकत नाही, पण उसळी विरघळलेली. भाड्याचे बोर्ड बहुतेक असेच मऊ असतात, त्याचा "मेलेला" शब्द एकदम अचूक आहे हं. तेव्हा पूर्ण कॅम्बर, किंवा पायांखाली कॅम्बर आणि टोकांना किंचित रॉकर असा मिश्र. मी त्याला मिश्रच सांगीन, लँडिंग वाकडं आलं तरी माफ करतो. कडकपणा 10 पैकी 5 च्या आसपास. 2-3 वाले बोर्ड रेलवर (पार्कातल्या लोखंडी नळ्यांवर) घसरायला मजेदार, पण मोठ्या जंपच्या लँडिंगला मागचं टोक दुमडतं आणि माणूस बुडावर बसतो. शेप ट्रू ट्विन, म्हणजे पुढून मागून सारखा, कारण तो फिरून उलटा पाय पुढे करून उतरणारच आहे.

नावं विचाराल तर कॅपिटाचा डीओए बघा, किंवा ग्नूचा रायडर्स चॉइस. ग्नू आणि लिब टेक दोन्ही कंपन्यांचे बोर्ड आपल्याच वॉशिंग्टन राज्यात बनतात, सीक्विमजवळ कार्ल्सबॉर्गला, आणि त्यांची कड नागमोडी असते, गोठलेल्या बर्फाला धरते. नवीन 500 मध्ये बसेल न बसेल, पण मार्च-एप्रिलला गेल्या सीझनचा माल स्वस्त निघतो. टॉपशीटचं (वरच्या थराचं) चित्र जुनं झालं म्हणून उसळी कमी होत नाही. बाइंडिंग घेताना भोकं जुळतात का ते तेवढं विचारा, बर्टन कंपनीची लांब खाचेवाली पद्धत वेगळी.

बॉथेलची वहिनी, रविवार रात्री

बापरे, एवढं! पोराला वाचून दाखवलं, फूटपट्टीवर हसला, म्हणे हे काका माझ्याशी बोलतायत (तू दादा आहेस हे मी सांगितलं नाही). अजून एक, सेलमध्ये दोन दिसले, एकाचा तळ एक्स्ट्रुडेड (प्लास्टिक वितळवून दाबून काढलेला) आहे आणि 80 डॉलर स्वस्त, दुसऱ्याचा सिंटर्ड (प्लास्टिकची भुकटी दाबून केलेला). घ्यावा का स्वस्तातला?

रेंटनचा दादा, सोमवार

नाही. कोलोराडोतल्या कोरड्या बर्फात असता तर चाललं असतं एकवेळ. आपल्या कॅस्केड्स डोंगरांचा बर्फ ओला आणि जड, इथे त्याला काँक्रीटच म्हणतात, दुपारी तर तळ चिकटतो. जंपला वेग कमी पडला की पोरगं पलीकडच्या उतरायच्या उतारावर पोचत नाही, त्याच्या अलीकडे सपाटीच्या टोकाला आपटतं, आणि गुडघे, पाठ सगळं तिथेच जातं. जंप छोटा म्हणून कमी लागतं असं काही नाही. सिंटर्ड तळ वॅक्स पितो आणि पळतो, फक्त तीन-चार दिवस खेळून झालं की वॅक्स लावायलाच लागतं, नाहीतर 80 डॉलर पाण्यात. घरी करता येतं, वॅक्स वितळवायला जुनी इस्त्री लागते, वाफेची भोकं नसलेली असेल तर उत्तम.

केंटचे काका, सोमवार

आमच्याकडे आहे तशी, आईने 1998 मध्ये येताना आणलेली. नंतर कपड्यांना चालेल ना?

रेंटनचा दादा, सोमवार

नाही काका. काकूंना विचारून द्या.