सासरचे 'होमस्टेडर' पूर्वज : तुमच्या घरी काय सांगतात?

अमेरिकेत सोयरीक जुळलेल्यांनी इथे जरूर लिहा. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. माझ्या सासऱ्यांच्या पणजोबांनी नेब्रास्कात 1872 साली अशी जमीन धरली. लाकूड नव्हतं, म्हणून नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे कापून भिंती रचल्या. छतातून माती पडे, म्हणून आतून कापड ताणून बांधायचे. सरपण म्हणजे वाळलेलं शेण. हे ऐकल्यावर मला पणजोबांच्या पत्नी, म्हणजे त्या आजी, एकदम आपल्या वाटल्या. 1874 च्या टोळधाडीत मका तर गेलाच, अवजारांचे लाकडी दांडेसुद्धा टोळांनी कुरतडले. पुष्कळ शेजारी पूर्वेकडे परतले, हे राहिले.

त्यांची फाइल आम्ही राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवली. दोन शेजाऱ्यांची साक्ष, घराची लांबी-रुंदी, विहीर, नांगरलेले एकर, सगळं त्यात आहे. आजींचा उल्लेख मात्र 'पत्नी व चार मुले' एवढाच. टोळ आले तेव्हा गोधड्या टाकून भाजीचा वाफा झाकणारी तीच होती. मला याचा फार राग येतो.

साउथ डकोटाहून

आमच्याकडे उलट आहे. जावयाच्या पणजीच्या स्वतःच्या नावावर जमीन होती. एकवीस वर्षांवरच्या अविवाहित बाईला किंवा विधवेला दावा करता यायचा. नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला सहसा नाही. त्या पणजीची मोठी बहीण शाळेत शिकवायची. 12 जानेवारी 1888 ला सकाळी हवा उबदार होती, मुलं पातळ कपड्यांत आली आणि मग हिमवादळ कोसळलं. तिने एकालाही बाहेर सोडलं नाही, रात्रभर बाकं जाळली. त्या दिवशी घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गोठून गेली.

ओक्लाहोमाहून

माझी वहिनी ओटो-मिझूरिया या मूळ अमेरिकन जमातीची. नेब्रास्का-कॅन्सस सीमेवर बिग ब्लू नदीकाठी त्यांची राखीव जमीन होती. 1881 मध्ये त्यांना इकडे हलवलं आणि ती जमीन विकली गेली. तिच्या घरी 'पायोनियर' (आधी येऊन वसलेले) हा शब्द कुणी कौतुकाने उच्चारत नाही. धाग्यात हेही असावं, म्हणून लिहिलं.

कॅन्ससहून

सूनबाईंचे पूर्वज केंटकीत गुलाम होते. 1877 मध्ये कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या निकोडेमस गावात ते आले. पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरांत काढला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी मांस दिलं म्हणून जगलो, असं त्यांच्यात आजही सांगतात. पुढे 1888 मध्ये रेल्वे गावाला वळसा घालून गेली आणि दुकानदार निघून गेले.

शोध घेणाऱ्यांना एक सांगतो : गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं जनगणनेत प्रथम 1870 साली येतात. आम्ही तिथूनच सुरुवात केली, मग जमिनीची कागदपत्रं पाहिली. त्याआधीचं कुणाला सापडलं असेल तर कसं, ते कृपया लिहा. सूनबाई वाट पाहतेय.