गोळ्या वाढतील, पण नफा कोणाच्या गल्ल्यात?

भाऊ, तुमचं म्हणणं असं की देशात म्हातारी माणसं वाढणार, गोळ्यांचा खप वाढणार, म्हणून मेडप्लससारख्या औषध दुकानांच्या साखळीचे शेअर घेऊन ठेवावेत. पहिला भाग मान्य. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे साधारण १० कोटी होते. २०५० पर्यंत दर पाचांतला एक त्या वयाचा असेल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. शेअरची मात्र घाई करू नका.

अमेरिकाही म्हातारी होतच होती. तरी तिथल्या औषध दुकानांच्या साखळ्यांपैकी राइट एडने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि वॉलग्रीन्स २०२५ मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली. गिऱ्हाईक होतं, पण औषधामागे सुटणारा पैसा, विमा कंपन्यांच्या वतीने औषधांचे दर ठरवणाऱ्या मध्यस्थांनी कमी कमी करत नेला. आपल्याकडे किंमत नियंत्रणातल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन १६ टक्केच धरलंय. त्यातूनच सूट, भाडं आणि फार्मासिस्टचा पगार.

आमच्या अमळनेरला आबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चौकातल्या मेडिकलवरून येतात. अडचण असली तर तो पट्टी कापून पाचच गोळ्या देतो, वहीत मांडतो, आणि हिशेब कापूस विकल्यावर. साखळीच्या काउंटरवर ही वही कुठून येणार?

म्हणून मी अशा कंपनीचा तिमाही निकाल आला की आधी दोनच गोष्टी बघतो: जुन्या दुकानांची विक्री किती वाढली, आणि स्वतःच्या ब्रँडच्या औषधांचा वाटा किती, कारण खरं मार्जिन तिथं सुटतं. नवी दुकानं किती उघडली ते नंतर.